शेत दुसऱ्याचं, लिंबूबाग आपली: खाली करायला सांगितलं तर भरपाई कशी मागायची?

भडगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ११ वर्षांपूर्वी वडिलांनी गावातल्याच एका मालकाचं ३ एकर शेत बटईने (पिकाच्या हिश्शावर) घेतलं. पहिली ४ वर्षं कपाशी आणि मका केला. मग मालकाच्या तोंडी होकाराने कागदी लिंबाची ३२५ रोपं लावली आणि तेव्हापासून शेत नफ्याने, म्हणजे मालकाला द्यायच्या ठरलेल्या भाड्याने, वर्षाला ४५,००० रुपये. लिहिलेला कागद एकही नाही. मालक मागच्या वर्षी वारले. पुण्यात राहणाऱ्या मुलांनी शेत विकायला काढलं आहे आणि निरोप पाठवला आहे: आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) खाली करा, ५०,००० देतो, या कागदावर सही करा. या शेतकऱ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. भरपाई किती मिळेल? कूळ म्हणून जमिनीवरच हक्क सांगावा का? आणि काहीच जमलं नाही तर झाडं तोडून न्यावीत का?

भाऊ, किती मिळेल हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. त्याआधी बघायचं ते हे की तुमची वहिवाट संपते कशी. मी जळगाव जिल्ह्यात तहसील आणि प्रांत कार्यालयांतली कुळवहिवाटीची कामं वकील म्हणून बरीच वर्षं करतो आहे. बागेची भरपाई बुडालेली जी प्रकरणं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत कायदा कुळाच्या विरोधात नसतो. कुळाने घाईत दिलेली सही विरोधात असते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. खानदेशाला महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ लागू आहे. २०१२ पर्यंत त्याच्या नावात ‘मुंबई’ होतं, त्यामुळे जुन्या कागदांवर तेच दिसेल. त्याचं कलम १९ थेट तुमच्यासाठीच आहे. कुळाने जमिनीत झाडं लावली असतील तर वहिवाट चालू असेपर्यंत फळं आणि लाकूड कुळाचं, आणि वहिवाट संपली की त्या झाडांबद्दल मामलेदार, म्हणजे आजचे तहसीलदार, ठरवतील ती भरपाई कुळाला. पण त्याला एक शेपूट आहे. कुळाने जमीन आपणहून परत सोडली असेल, तर या कलमाखाली भरपाई नाही.

आता तुमच्यापुढे ठेवलेला कागद आठवा. मी तो पाहिलेला नाही. पण अशा कागदांत ‘मी राजीखुशीने ताबा सोडत असून शेत व झाडांबाबत माझा कोणताही हक्क राहिलेला नाही’ अशा अर्थाचं वाक्य जवळपास ठरलेलं असतं. ते ५०,००० त्या एका वाक्याची किंमत आहेत. कायद्याने कुळाचा राजीनामा लेखी असावा लागतो आणि तहसीलदारांसमोर त्याची खातरजमा व्हावी लागते. त्यामुळे घरी केलेली सही म्हणजे सगळं संपलं असं नाही. पण नंतर ‘सही माझीच आहे, पण समजून केली नव्हती’ हे पटवत बसण्यात वर्षं जातात. म्हणून आज सही नाही, अंगठा नाही, आणि टोकन म्हणून १०,००० सुद्धा घ्यायचे नाहीत.

(मधेच एक सूचना, कारण आपल्या भागात ही गल्लत नेहमी होते. शेत मलकापूरकडे असेल तर विदर्भाचा १९५८ चा कायदा लागतो, सोयगाव-कन्नडकडे असेल तर हैदराबादचा १९५० चा. शीव ओलांडली की कलमांचे क्रमांक बदलतात. पाहुण्याच्या प्रकरणातला अर्ज तसाच उतरवून काढू नका.)

पुढचा प्रश्न, तुम्ही कूळ आहात का? कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. त्यातून मालकाच्या कुटुंबातला माणूस, पगारी नोकर, देखरेखीखाली काम करणारा मजूर असे काही वगळले आहेत. मालकाच्या बाजूने पहिलं वाक्य येईल ते हेच, ‘तो आमचा सालदार होता.’ तुमचा नफा इथे तुमच्या कामी येतो. सालदाराला मालक पैसे देतो, सालदार मालकाला देत नाही. बटईची पहिली ४ वर्षंही तुमच्या विरोधात नाहीत, कारण पिकाच्या हिश्शावर कसणारा त्या नोकराच्या व्याख्येत बसत नाही. मात्र बटईत बियाणं, खत, निर्णय सगळं मालकाचं आणि आपले फक्त हात, असं असेल तर गोष्ट वेगळी होते. ते ज्याच्या त्याच्या व्यवहारावर आहे.

खरी अडचण पुराव्याची. सातबाऱ्यावर नाव मालकाचं, ई-पीक पाहणी मालकाच्या नावाने, वीजबिल मालकाचं. लागवडीचं किंवा ठिबकाचं अनुदान घेतलं असेल तर तेही त्यांच्याच नावावर, कारण या योजना खातेदाराच्या नावानेच चालतात. तुम्ही त्या बागेत ७ वर्षं घाम गाळला, पण कागदावर तुम्ही कुठेच नाही. हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की तहसीलदारांनाही त्यात नवल वाटत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूने पुरावा उभा करायचा. रोपवाटिकेची पावती सापडते का बघा. कृषी सेवा केंद्रवाल्याच्या उधारीच्या वहीत तुमच्या वडिलांचं नाव ७ वर्षं सलग असेल, तर त्या पानांच्या प्रती आणि दुकानदाराचं प्रतिज्ञापत्र घ्या. लिंबू आडतीवर टाकलं त्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) फार मोलाच्या. माल विकणारा कोण, हे त्यांत लिहिलेलं असतं. नफ्याचे पैसे एकदा तरी फोनवरून किंवा बँकेतून पाठवले असतील तर ते विवरण काढा, ४५,००० च्या एका नोंदीला दहा साक्षीदारांचं वजन आहे. पीक कर्ज तुम्हाला मिळालेलं नसणार, पण सोनं गहाण ठेवून बागेसाठी पैसे काढले असतील तर तेही कागद ठेवा. मोबाईलमधले रोपं लहान असतानाचे फोटो पुसू नका. बांधाला बांध असलेल्या दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतील. त्यांतला एक तरी मालकाच्या भाऊबंदांपैकी असेल तर फारच बरं.

तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) जाऊन ‘माझं नाव वहिवाटीला लावा’ म्हणून भांडू नका. मालकाव्यतिरिक्त दुसऱ्याची वहिवाट लावणं त्यांच्या हातात नाही, ती तहसीलदारांच्या चौकशीतून येते. तुम्ही कूळ आहात की नाही हेही कलम ७०(ब) खाली तहसीलदारच ठरवतात. दिवाणी कोर्टाला तो प्रश्न सोडवता येत नाही. तिथे दावा चालू असताना हा मुद्दा निघाला तर कोर्टाला तो कलम ८५-अ खाली तहसीलदारांकडे पाठवावा लागतो.

आता दुसरा प्रश्न, जमिनीवर हक्क सांगावा का? गावात कोणीतरी सांगितलं असेल की ‘कसेल त्याची जमीन, १२ वर्षं झाली की तुझीच’. असं काही नाही. कसणाऱ्याला जमीन विकत मिळाली ती १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाच्या हिशेबाने. त्यानंतरच्या वहिवाटींना कलम ३२-ओ आहे, पण त्यात वहिवाट सुरू झाल्यापासून १ वर्षाच्या आत मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला कळवावं लागतं. तुमच्या वडिलांनी तसं कळवलेलं नाही. शिवाय फळं, फुलं किंवा ऊस लावण्यासाठी दिलेल्या पट्ट्यांना (भाडेपट्ट्यांना) कलम ४३-अ मुळे जमीन विकत मिळण्याची ३२ ते ३२-आर ही कलमंच लागत नाहीत, नोटिशीचं कलम १४ सुद्धा नाही. अशा पट्ट्याला शासनाने अधिसूचनेने घातलेल्या अटी आणि तुमचा आपसातला करार बघायचा. तुमच्या बाबतीत वाद घालता येईल, कारण शेत दिलं गेलं ते कपाशीसाठी, बाग नंतर आली. म्हणजे पट्टा ‘फळांसाठी दिलेला’ होता का, हाच मुद्दा होतो. मालकाचा वकील म्हणेल नफा ठरला तेव्हा नवा पट्टा झाला. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे.

पण गंमत अशी की भरपाईसाठी तुम्हाला त्या वादात पडायची गरजच नाही. ४३-अ ने वगळलेल्या कलमांत १९ नाही आणि ४१ ही नाही. पट्टा कपाशीचा धरला काय नि फळबागेचा धरला काय, झाडांची भरपाई दोन्हीकडे शिल्लक राहते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, मालकीचा दावा लावू नका. तो लावला की मालकाची मुलं आपली सगळी ताकद ‘हा कूळच नव्हता’ हे दाखवण्यात घालतील आणि त्यात तुमची झाडंही बुडतील. ‘जमीन तुमची, झाडं आमची, त्यांचा हिशेब करा’ एवढंच म्हटलंत तर त्यांनाही तडजोडीत रस उरतो. काही वकील मित्र याच्याशी सहमत नसतात, आधी मोठं मागावं मग खाली यावं म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात ते चालत असेल, पण कूळ कायद्यात मोठं मागितलं की समोरचा बोलणीच बंद करतो.

कलम ४१ चं नाव घेतलं आहे तर तेही सांगतो. ते सुधारणांचं आहे. तुमच्या खर्चाने विहीर खोल केली, बोअर घेतला, गिरणा नदीवरून पाइपलाइन आणली, पडीत कोपरा सपाट केला, तर त्याची वेगळी भरपाई मागता येते. ती ठरवताना जमिनीची किंमत किती वाढली, काम आज कोणत्या अवस्थेत आहे आणि किती टिकेल, तुमचे कष्ट आणि पैसा किती गेला, आणि मालकाने त्या बदल्यात नफा कमी घेतला होता का, हे बघतात. शेवटचा मुद्दा विसरू नका. ‘बाग लावतोस म्हणून दोन वर्षं नफा माफ’ असं झालं असेल तर ते वजा होईल, आणि तुम्ही लपवलं तरी समोरचे काढतील. दरवर्षीची बांधबंदिस्ती, तात्पुरत्या चाऱ्या वगैरे नेहमीच्या कामांचे पैसे मिळत नाहीत.

आता रक्कम. झाडाला ठरलेला सरकारी दर लावून तहसीलदार भरपाई देतात असा एक समज आहे, पण कलम १९ मध्ये दराचा तक्ता नाही. ती पुराव्यावर ठरते, म्हणून पुरावा तुम्हीच द्यायचा. साधी रीत म्हणजे झाडाचं निव्वळ वार्षिक उत्पन्न काढायचं आणि त्याला काही वर्षांनी गुणायचं. भूसंपादनाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एका हरियाणाच्या निकालात झाडांच्या उत्पन्नावरून किंमत काढताना ८ वर्षांचा गुणक योग्य मानला आहे. तो निकाल कूळ कायद्याचा नाही, तुमच्या प्रकरणाला बांधील नाही, पण वरची मर्यादा दाखवायला उपयोगी पडतो.

नमुन्यादाखल हिशेब करू, आकडे तुमचे तुम्ही घाला. समजा खर्च वजा जाता झाडामागे वर्षाला ५०० रुपये सुटतात. ३२५ झाडांचे १,६२,५०० झाले. त्यातून ४५,००० नफा गेला, राहिले १,१७,५००. आठाने गुणलं तर ९,४०,०००. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नका, एवढे पदरात पडतात असं मी म्हणत नाही. लिंबाला भाव उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात एक असतो, मालकाचा वकील पावसाळ्याचा धरेल. बागेत डिंक्या किंवा खैऱ्या रोग असेल तर पुढची वर्षं कमी धरली जातील. ६ मीटरवर लावलं तर एकरी ११० च्या आसपास झाडं बसतात, त्यामुळे ३ एकरांत ३२५ हा आकडा पटण्यासारखा आहे, पण मेलेल्या झाडांच्या जागा रिकाम्या असतील तर त्या आधीच वगळा. दुसरीकडे तुमची बाजूही भक्कम आहे. कागदी लिंबू चौथ्या-पाचव्या वर्षानंतर खरं धरायला लागतं, म्हणजे पहिली वर्षं तुम्ही खर्चच केला आणि कमाईची वर्षं आत्ता कुठे सुरू झाली आहेत. हा मुद्दा अर्जात ठळक लिहा.

यासाठी बागेचा पंचनामा लागतो, आणि तो तुम्ही ताब्यात असताना. तहसीलदारांकडे अर्ज देतानाच मंडळ अधिकाऱ्यांमार्फत स्थळ पाहणी आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांचा अहवाल मागा. त्याला वेळ लागत असेल तर ममुराबाद किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या फळबागेच्या जाणकाराला विचारून पाहा, झाडांचं वय, घेर आणि आरोग्य यांचं लेखी मत मिळालं तर फार काम होतं. झाडांना चुन्याने क्रमांक घाला आणि ओळीने व्हिडिओ काढून ठेवा.

यावरून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. झाडं तोडू नका. तोडलेल्या झाडाची भरपाई कशी मोजणार? वर नुकसानीची फौजदारी तक्रार होईल ती वेगळीच, आणि त्या दिवसापासून गावाची सहानुभूतीही मालकाकडे जाईल. ठिबकाच्या नळ्या, मोटार, स्टार्टर यांची बिलं तुमच्या नावाची असतील तर ते सामान तुमचं, पण तेही पंचनामा झाल्यावरच काढा.

तोंडी निरोप आला म्हणून वहिवाट संपत नाही. कलम १४ लागत असेल तर कायद्यात सांगितलेलं कारण आणि ३ महिन्यांची लेखी नोटीस लागते. आणि कुळाकडून ताबा घ्यायचा तर कलम २९ प्रमाणे मालकाने तहसीलदारांकडे अर्ज करून आदेश आणायचा असतो. जेसीबी आणून नाही. तशी धमकी आली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळ्याविरुद्ध तहसीलदारांकडे जाता येतं. ताबा हिसकावलाच तर त्याच कायद्याखाली ६ महिन्यांच्या आत दावा करा. कूळ कायद्यात कुळाला ताबा परत मागायला २ वर्षं आहेत, पण त्यावर विसंबू नका, ६ महिन्यांची वाट जवळची आहे. आणि या काळात नफा थकवू नका. यंदाचे ४५,००० वारसांच्या खात्यावर पाठवा. नाकारले तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती जपा. नफा थकला की तुम्हाला काढायला त्यांच्या हाती आयतं कारण येतं.

रावेर-यावलकडचे लोक हेच केळीबद्दल विचारतात. तिथे माझा सल्ला वेगळा असतो. केळी वर्षभरात कापणीला येते, फार तर पीलबाग (बुंध्याच्या पिलांचं पुढचं पीक) धरता येते. त्यामुळे झाड म्हणून किंमत मागत बसण्यापेक्षा घड कापेपर्यंतची मुदत लेखी घेणं फायद्याचं. लिंबू, मोसंबी, डाळिंब, पेरू यांचं तसं नाही.

यातली बरीच प्रकरणं शेवटी तडजोडीवर मिटतात, आणि तुमचंही मिटण्यासारखं आहे. कारण मुलांना शेत विकायचं आहे, आणि घेणारा माणूस मोकळा ताबा मागणार. कूळ बसलेल्या जमिनीला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. म्हणजे वेळ तुमच्यापेक्षा त्यांना महाग आहे. त्यांनी वर्तमानपत्रात विक्रीची जाहीर नोटीस दिली तर तिच्या मुदतीत स्पीड पोस्टाने हरकत पाठवा, ‘या शेतात आमची कूळ म्हणून वहिवाट आणि ३२५ झाडं आहेत’ एवढंच लिहून.

तडजोड करताना मात्र क्रम सांभाळा. तुम्ही राजीनामा दिला की कलम १९ चं दार बंद, हे वर सांगितलंच. म्हणून झाडांची रक्कम आणि ताबा एकाच करारात हवेत, रक्कम बँकेतून आधी जमा झाली पाहिजे, आणि तहसीलदारांसमोर जबाब देताना ‘झाडांच्या भरपाईपोटी अमुक रुपये मिळाले’ हे त्या जबाबात आलं पाहिजे. ‘विक्री झाली की देऊ’ याला होकार देऊ नका. पुढच्या तारखेचा चेकही नको. आणि आखाजीची तारीख मुळीच मान्य करू नका. आखाजी येते ती लिंबाला वर्षातला चांगला भाव असतो त्याच सुमारास. हस्त बहाराची फळं तेव्हा झाडावर असतात. त्या तारखेला शेत सोडलं तर वर्षाची कमाई झाडांसकट त्यांच्या पदरात जाते. जून अखेरपर्यंत तोडणीचा हक्क मागा, किंवा तो माल वेगळा मोजून घ्या.

एक शेवटचं, जे बहुतेक जण विसरतात. मालक वारले आहेत, तर वारस कोण कोण आहेत ते आधी बघा. वारसाचा फेरफार मंजूर झाला का, आठ-अ वर कोणाची नावं आली, मालकाची पत्नी हयात आहे का, मुली किती आणि त्या कुठे दिल्या आहेत. अर्जात आणि करारात सगळ्यांची नावं आणि सह्या हव्यात. पुण्याच्या दोन भावांनी पैसे देऊन करार केला आणि सुरतेला दिलेल्या बहिणीने पुढे हरकत घेतली, तर तो करार तुम्हाला पुन्हा तहसीलच्या पायऱ्या चढायला लावेल. फेरफाराची नक्कल काढा आणि ती हातात आल्यावरच त्यांच्याशी आकड्याचं बोला.